नाळेचं रक्त आणि कुल्फीची पेटी

हे मला लिहायचं नव्हतं. आमच्या गल्लीतले बाळासो मास्तर दिवाळी अंक काढतात, त्यांनी माझ्यामागं टुमणं लावलं. मी सांगितलं, मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. तर मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चाचा, मग स्टँडवर जे सांगत्यात तेच छापतो."

स्टँडवर काय सांगतात ते मला ठाऊक आहे. आमच्या कवठे महांकाळच्या स्टँडवर गोष्ट निघाली तेव्हा मी रक्त बर्फात घालून हिंडलो एवढंच होतं. आटपाडीला पोचेपर्यंत मी रक्ताची कुल्फी करून जत्रेत विकली होती. तेव्हा जे झालं ते मीच लिहितो. वाचायचं तर वाचा. हसायचं तर तोंड तिकडं करून हसा.

मी इमाम. हयात कुल्फी विकण्यात गेली. शिराळ्याची नागपंचमी म्हणा, आटपाडीचा बाजार म्हणा, माझी पेटी जिथं गेली नाही असं गाव या टापूत नाही. पेटी सागवानी. आतनं जस्ताचा पत्रा, दोन्हींच्या मध्ये दाबून भरलेला लाकडाचा भुसा. त्यात बर्फ, बर्फावर जाडं मीठ, वरनं ओलं गोणपाट. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात (आमचं ऊन बघितलं नसेल त्यांनी भाकरीचा तवा बघावा) सकाळी भरलेली कुल्फी सांजेला काढली तर दात ठणकावेत अशी टणक निघते. फ्रीजवाले आले, लाईट गेली की त्यांचं दूध व्हायचं, गिऱ्हाईक परत माझ्याकडं. थंडीतलं मला कुणी शिकवू नये असं माझं मत होतं. होतं म्हणतोय, ध्यानात घ्या.

माझा पोरगा तौसीफ सांगलीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याची बायको आसिया शिराळ्याची. तिचा बाप नागपंचमीला माझ्या शेजारी बांगड्या मांडायचा, तिथंच सोयरीक जमली. आसियाला दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली, आणि ती लय साधी होती. बाळाची नाळ वाळून गळाली की आमच्या परसात डाळिंबाच्या बुडाशी पुरायची. माझी तिथं आहे, तौसीफची तिथं आहे. (डाळिंब आंबट आहे. पण तो नाळेचा दोष नव्हे.)

एवढं ठरवून मी गप्प बसलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. पण तौसीफ एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आला. त्यावर गोरंपान, गुबगुबीत पोर हसत होतं, आमच्या सात पिढ्यांत तसलं पोर झालेलं नाही. तौसीफ म्हणाला, नाळेतलं रक्त एक कंपनी गोठवून ठेवते. पुढं आपल्या पोराला काही दुखणं आलं तर तेच रक्त कामाला येतं. म्हणजे पोराच्या जन्माबरोबरच त्याचं औषध कपाटात. मी म्हटलं, नाळ पुरायची असते, कपाटात ठेवायची नसते. तो म्हणाला, अब्बा, तुम्हाला कळत नाही. झालं. ज्याला जन्माला घातलं त्यानं असं म्हटल्यावर कळून घेणं भाग पडतं. मी टोपी घातली आणि तौसीफ, आसिया आणि माझी बायको जरिना यांना घेऊन सांगलीला आसियाच्या डॉक्टरणीकडं गेलो. कळून घ्यायला म्हणजे खरं तर भांडायला.

डॉक्टर साक्षी मॅडम म्हणजे वय कमी आणि आवाज मोठा. त्यांनी माझं सगळं भांडण ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "चाचा, बेंबीची नाळ वाळून पडते ती तुमचीच. खुशाल पुरा. मी बोलतेय ते रक्ताचं. बाळ बाहेर आलं, नाळ कापली, की वारेत आणि उरलेल्या नाळेत वाटीभर रक्त राहतं. आजवर ते बादलीत जात आलं. त्या रक्तात अशा पेशी असतात की त्यांच्यापासून नवीन रक्त तयार होतं. ज्याच्या हाडातलं रक्त करायचं काम बंद पडलंय, त्याला ते जुळलं आणि दिलं, तर त्याच्या अंगात ते काम परत सुरू होऊ शकतं."

मी विचारलं, "वाटीभरानं?"

"वाटीभरानं."

"म्हणजे विरजण."

मॅडम म्हणाल्या, "विरजणच समजा."

मी दुधात वाढलेला माणूस. चमचाभर विरजणानं घागर लागते हे रोज बघतो, पण त्याचं नवल वाटायचं कधीच सरलं होतं. त्या दिवशी ते परत वाटलं. माणसाच्या बेंबीत विरजण असतं, आणि आदमपासून आजपर्यंत आपण ते बादलीत ओततोय.

पुढं त्या म्हणाल्या की ते रक्त उणे एकशे शहाण्णव डिग्रीला ठेवतात. हे ऐकून मी खुर्चीतनं पुढं आलो. बर्फात मीठ घालघालून माझी पेटी उणे पंधराच्या आसपास जाते, हे मला एकदा दूध डेअरीच्या साहेबानं काचेची कांडी लावून सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मी मिशीला पीळ दिला होता. मिशी खाली आली.

मी म्हटलं, "एवढ्या गारठ्यात जित्ती चीज मरत न्हाई?"

"मरत नाही," मॅडम म्हणाल्या, "थांबते. वीस-वीस वर्षांनी काढलं तरी जिथं थांबली तिथनं पुढं चालू."

जरिना शेजारी बसली होती. तिनं हळूच पदर डोक्यावर ओढला, अजान झाल्यावर ओढते तसा.

आता प्रश्न असा की ठेवायचं की द्यायचं. तौसीफ कागद पुढं करून म्हणाला, आपल्या लेकरासाठी ठेवूया. मॅडमनी सरळ सांगितलं की तुमच्या घरात कुणाला रक्ताचा आजार नाही, तेव्हा तुम्हाला ते लागायची शक्यता फार थोडी. आणि लेकराला जन्मानंच काही दोष असला तर तोच दोष त्या रक्तातही असणार, मग त्याचा त्यालाच काय उपयोग. साताऱ्याला एक संस्था दान घेते. दिलं तर कुणाही जुळणाऱ्या माणसाला मिळेल. मात्र एकदा दिलं की ते आपलं राहिलं नाही, आणि घ्यायची वेळ एकदाच, बाळ झाल्यावर पाच-दहा मिनिटं. ती गेली की गेली.

मला विचाराल तर मी ठेवण्याच्या बाजूनं होतो. माझ्या नातवंडाचं विरजण मी लोकांच्या दुधाला का लावू? आम्ही बाप-लेक एकमेकांकडं बघून मान हलवतोय तोवर आसिया बोलली. ही पोरगी सासऱ्यापुढं चार शब्द बोलली की पाचवा गिळते. त्या दिवशी एकही गिळला नाही.

"अब्बा, माझा भाऊ तुमास्नी आठवतोय? अश्फाक. नागपंचमीला दुकानात बसायचा."

आठवत होता. हडकुळा, पांढराफटक पोरगा. मी त्याला मलईची कुल्फी द्यायचो तर अर्धी बहिणीला ठेवायचा. ताप आला आणि गेला, एवढंच मला सांगितलं होतं.

"ताप न्हवता त्यो. त्याचं रक्त हुयाचं बंद झालं हुतं. घरातल्या समद्यांचं तपासलं, माझंबी तपासलं. कुणाचंच जुळलं न्हाई. डागदर म्हणालं, कुणा परक्याचं जुळंल, पर कुणी देऊन ठिवलेलं पायजे. कुणी ठिवलं न्हवतं." मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "मला माझ्यासाठी ठिवायचं न्हाई. जिथनं दुसऱ्या कुणाचा अश्फाक घिऊन जाईल, तिथं ठिवायचंय."

तौसीफनं तो गुळगुळीत कागद घडी घालून खिशात टाकला. परत कधी काढला नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, द्यायचं. (हे मीच ठरवलं असं मी पुढं बऱ्याच लोकांना सांगितलं.)

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग मी विचारलं, साताऱ्याला नेणार कोण?

मॅडम म्हणाल्या, कुरिअरची गाडी येते. मी म्हटलं, होणार नाही. तौसीफच्या लग्नाची पत्रिका मी मिरजेच्या पाहुण्याला कुरिअरनं धाडली होती, ती पोचली तेव्हा पाहुणा वलीमा जेवून घरी जाऊन झोपला होता. अश्फाकच्या नावानं द्यायची चीज मी असल्या लोकांच्या हातात देणार नाही. मी स्वतः नेणार, माझ्या पेटीतनं, बर्फात.

"बर्फ नाही लावायचा, चाचा," मॅडम म्हणाल्या. "तिथं पोचेपर्यंत ते खोलीतल्या साध्या गारव्याला ठेवायचं. त्यासाठी वेगळा डबा येतो. बर्फ लागला तर वाया जाईल."

मी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यात लय अंतर असतं. माझा हिशेब असा होता: ज्या चिजेला पुढं एकशे शहाण्णवच्या गारठ्यात बसायचंय, तिला आधी मे महिन्यातनं हिंडवणार? कुल्फी साच्यात भरायची आणि आधी चुलीशेजारी ठेवायची, असला हा कारभार. मॅडम शिकलेल्या असतील, पण त्यांनी कधी उन्हात दूध सांभाळलं होतं का?

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. तौसीफ समजावून गेला, फोनवर समजावून झालं. आमच्या घरातली बोली वेगळी आहे, तीत समजावलं, मग मराठीत समजावलं. जरिना म्हणाली, "डागदरणीपेक्षा तुमास्नी जास्त कळतंय व्हय?" मी म्हटलं, थंडीतलं कळतंय. मॅडमनी तर फोनवर असा आवाज चढवला की फोन न धरताही ऐकू आलं असतं. मी म्हटलं, रक्त माझ्या घरचं, नेणार मी, बर्फात नेणार. एकदा आसिया उठून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तेव्हा मला जरा कसंतरी झालं. पण मी म्हटलं, पोरगी मागनं दुवा देईल.

मग एका दिवशी अचानक सगळे गप्प झाले. जरिना म्हणाली, बरं, तुम्हीच न्या. तौसीफ म्हणाला, अब्बा म्हणतात तसं. मॅडमही म्हणाल्या, ठीक आहे चाचा. घरात सगळ्यांचं एकमत झालं की माणसानं घाबरायला पाहिजे. मी मिशीला पीळ दिला.

कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा उजाडलं होतं. आमच्या गल्लीतल्या दादासोची पिकअप आधीच बोलून ठेवली होती. दादासो हा गाडी बरी चालवतो, बाकी त्याच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मिरजेत बर्फाची लादी घेतली, फोडून पेटीत भरली. मीठ सांगलीत लेकाच्या घरातनं उचललं, होतं नव्हतं तेवढं बरणीसकट. जरिना आसियाला घेऊन आधीच लेकाकडं राहायला गेली होती, पण त्या वेळी सगळे दवाखान्यात होते, त्यामुळं कुणी आडवं आलं नाही.

दवाखान्यात पोचलो आणि ऊन चढायच्या आत मुलगी झाली. सबा. माझ्या हातात दिली तेव्हा तिचं वजन माझ्या रिकाम्या साच्याच्या टोपलीएवढं सुद्धा नव्हतं. मी तिच्या उजव्या कानात अजान दिली. आयुष्यभर "कुल्फीय्ये" ओरडून गाव उठवणारा माणूस मी, आणि माझ्या नातीच्या कानापर्यंत माझा आवाज कसाबसा गेला. तिनं डोळे उघडले नाहीत. मूठ तेवढी उघडली आणि मिटली.

मग साक्षी मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या हातात पिशवी होती. काळपट लाल, भरलेली, आपल्या तळहातात मावेल एवढी. म्हणाल्या, हात लावा. मी बोट लावलं. कोमट होती. आत्ता आत्तापर्यंत ही त्या दोघींच्या मध्ये होती, अर्धी आईकडं, अर्धी लेकीकडं, आणि आता दोघींचीही नव्हती. मला अश्फाकची ती पांढरी बोटं आठवली. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि बोट मागं घेतलं.

मॅडम पिशवी आत घेऊन गेल्या. जरिना त्यांच्यामागं गेली. बऱ्याच वेळानं ती दवाखान्याच्या हिरव्या कापडात गच्च बांधलेलं एक बोचकं घेऊन आली, वर चिकटपट्ट्या. म्हणाली, "उघडायचं न्हाई. हवा लागली की संपलं." हे ती खाली फरशीकडं बघून बोलली. ही बाई लग्न झाल्यापासून माझ्याशी कधी खाली बघून बोललेली नाही. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. बोचकं हाताला टणक लागलं. मी म्हटलं, सरकारी भांडं असणार, आत पिशवी. पेटीत खड्डा करून बोचकं उभं ठेवलं, चहूबाजूनं बर्फ ठासला, सगळं मीठ ओतलं, गोणपाट घातलं, सुंभानं आवळलं. असली भरणी मी जन्मात केली नव्हती. शिराळ्याच्या जत्रेलाही नाही.

पिकअपच्या पुढच्या सीटवर मी बसलो आणि पेटी पायांत घेतली. दादासोनं पेटीच्या पाया पडून गाडी चालू केली. मला बरं वाटलं. वाटेत गिअर टाकताना त्याचा हात पेटीला लागला की तो हात कपाळाला लावायचा. गतिरोधक आला की गाडी अशी उतरवायचा जशी आत बाळंतीण आहे. दर थोड्या वेळानं तोंड गंभीर करून विचारायचा, "चाचा, रगात बरं हाय न्हवं?" मी गोणपाटावर हात ठेवून सांगायचो, बरं आहे. इतका समजूतदार माणूस, आणि आपण याला आजवर ओळखलंच नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. ते मी आता परत घेतो.

इस्लामपूरच्या पुढं एका रसवंतीवर दादासोनं गाडी थांबवली. मी उतरलो नाही, पेटी सोडून कसा उतरणार? तर त्यानंच त्या रसवंतीच्या म्हातारीला सगळं सांगितलं. बनुबाई तिचं नाव. ती चरक थांबवून गाडीपाशी आली, ओले हात लुगड्याला पुसले, पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, "कुणाच्या तरी लेकराला लागू दे रं देवा." तिच्या मागनं रस प्यायला आलेली माणसं आली. एकानं टोपी काढली. एका बाईनं आपल्या कडेवरच्या पोराचा हात धरून पेटीला लावला. बनुबाईनं तिचा बर्फ काढून दिला, मी पेटीत वरनं भर घातली. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर लोक या पेटीला हात लावताना आत काय थंड आहे एवढंच बघत आले. आज पहिल्यांदा लोक तिला असे हात लावत होते.

दादासो त्या वेळी चरकाच्या मागं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मी म्हटलं, गडी हळवा आहे.

टोलनाक्यावर त्यानं खिडकीतनं सांगितलं, जित्तं रगात हाय. तिथल्या माणसानं उठून हात दाखवला. कऱ्हाड मागं पडलं. मी सकाळपासनं काही खाल्लं नव्हतं, पाण्याचा घोट घेतला नव्हता. एकदा वाटलं बिस्किटाचा पुडा घ्यावा. मग वाटलं, पायाशी एवढी चीज असताना तोंड हलवणं बरं दिसत नाही.

साताऱ्याला ती संस्था हायवेलगत आहे, पांढरी इमारत. आत गेलो तर जमीन अशी स्वच्छ की मी चपला हातात घेतल्या. पेटी दादासोनं आणि मी धरून नेली. टोपी-मास्क घातलेला एक तरुण माणूस आला, मिलिंद म्हणून. मी सांगितलं, आसिया तौसीफचं रक्त आणलंय, सांगलीहून, एक थेंब गरम होऊ दिला नाही.

त्यानं कम्प्युटरकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग पेटीकडं. म्हणाला, "चाचा, ते तर आलं. कुरिअरची गाडी मगाशीच देऊन गेली. तपासायला आतसुद्धा घेतलं."

मी म्हटलं, असं होऊच शकत नाही, हे बघा. सुंभ सोडला, गोणपाट काढलं, बर्फात हात घालून बोचकं बाहेर ओढलं. माझी बोटं गारठ्यानं काळीनिळी झाली होती, त्या बोटांनी चिकटपट्ट्या ओरबाडल्या. हिरव्या कापडातनं आमच्या घरातला स्टीलचा थर्मास निघाला. त्याला खाली सुताच्या फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या. मी झाकण फिरवलं.

आतनं वाफ आली. गरम वाफ. मिरी-लवंगाचा वास सगळ्या त्या पांढऱ्या खोलीत पसरला. बकऱ्याच्या पायांचा शोरबा होता.

मिलिंदनं मास्कवर हात दाबला. दादासो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसत गेला. मी फोन काढला आणि जरिनाला लावला. तिनं उचलला आणि मी काही बोलायच्या आधी विचारलं,

"जेवला का?"

मी फोन ठेवला.

मिलिंद भला माणूस. हसू आवरलं तेव्हा म्हणाला, चाचा, आलाच आहात तर बघून जा. त्यानं मला एका काचेपाशी नेलं. पलीकडं माणसाच्या छातीएवढी पोलादी पिंपं रांगेनं उभी होती. हातात जाडजूड मोजे घातलेल्या एका बाईनं त्यातल्या एकाचं झाकण उचललं. आतनं पांढरंशुभ्र धुकं वर आलं, काठावरनं उतरलं आणि जमिनीवर पसरत काचेपर्यंत आलं. आवाज नाही. पाणी नाही. मी बर्फ फोडण्यात जन्म काढला, बर्फ म्हणजे खडखडाट, चिखल, टपटप. ही थंडी अशी होती की तिला पायच नव्हते. मी काचेवर हात ठेवला आणि किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मी विचारलं, "मी आणलं असतं, बर्फात, तर?"

मिलिंद म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. बर्फ आणि मिठात पेशींच्या आतलं पाणी गोठून खडे झाले असते. खड्यांनी पेशी फुटल्या असत्या. इथं पोचेपर्यंत नुसतं लाल पाणी. आम्ही त्यात आधी औषध घालतो, मग मशीनमध्ये हळूहळू थंड करतो, खडा धरू नये म्हणून."

खडा. एवढ्या एका शब्दानं मला सगळं कळलं. कुल्फीत खडा धरला की ती कुल्फी नव्हे, कचकच लागणारं दूध. खडा धरू नये म्हणून मी आयुष्यभर दूध आटवलं, साचे हलवले, बाकीच्यांना नावं ठेवली. आणि आज मी मुठी-मुठीनं मीठ ओतून खडाच धरायला निघालो होतो, त्यात कुणाचा तरी अश्फाक. जरिनानं मला फसवलं नसतं तर, असं मनात आलं आणि मी ते तिथंच सोडलं.

मी विचारलं, यातली आमची कुठली? मिलिंद म्हणाला, तपासण्या झाल्या, सगळं नीट निघालं, की यातल्या एका पिंपात जाईल. पण मग ती तुमची म्हणून नसेल. नाव निघून जाईल, नंबर राहील. मी विचारलं, मिळणार कुणाला? तो म्हणाला, माहीत नाही. उद्या कुणाला, वीस वर्षांनी कुणाला, कदाचित कुणालाच नाही. पण तोवर थांबून राहील.

बाहेर पायरीवर बसून मी शोरबा प्यालो. अर्धा दादासोनं प्याला, लाज न बाळगता. त्यात मीठ नव्हतं. असणार कुठनं, लेकाच्या घरातलं सगळं मीठ मी पेटीत ओतलं होतं.

पावसाळा लागला तेव्हा साक्षी मॅडमचा फोन आला. तपासण्या सगळ्या बरोबर आल्या, पिशवी ठेवून घेतली. आसियानं फोन कानाला लावलेला तसाच ठेवला, मॅडमनी बोलणं संपवल्यावरही. मग सबाला उचलून तिच्या बेंबीवर तोंड ठेवलं. मी परसात गेलो. डाळिंबाच्या बुडाशी सबाची नाळ पुरली होती तिथली माती दाबायचं उगीच काम काढलं.

आता माफीचं. मला फसवलं हे खरं, आणि ज्यांनी फसवलं त्यांनी माफी मागायला पाहिजे असं माझं म्हणणं होतं. आसियानं पहिल्याच दिवशी मागितली, पायाला हात लावून, मी रागावलोय असं दाखवायच्या आत. तौसीफनं मागितली. मॅडमनी दवाखान्यात सगळ्यांदेखत मागितली आणि वर पेढा दिला. जरिना म्हणाली, माफी कशाची, शोरबा गरम होता न्हवं? तिची मी मागितल्यातच धरली, जास्त ताणण्यात अर्थ नव्हता.

राहिला एक. त्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, थर्मास बांधताना तो तिथं उभा होता. त्यानं माझ्या जेवणाच्या डब्याला वाटभर नमस्कार केले, अख्ख्या इस्लामपूरच्या रस्त्याला करायला लावले. परवा मी त्याला स्टँडवर गाठला आणि चार माणसांदेखत म्हटलं, माफी माग. तो म्हणाला, "मागतो की चाचा. पर आधी एवढं सांगा, सांगलीपास्नं साताऱ्यापातुर बर्फात घालून तुमास्नी एक थर्मास गार करता आला न्हाई. मग आमी एवढी वर्सं खाल्ली ती कुल्फी कुणी गार करून दिली हुती?"

स्टँड अजून हसतंय. लिहून ठेवतो म्हणजे विसरायला नको, माफी बाकी: दादासो, पिकअपवाला, कवठे महांकाळ.